शंभरावी सही

“थांबा! शंभरावा आला!”

असं ओरडत मी शाळेच्या व्हरांड्यात शिरलो, तेव्हा ग्रामसेवक गुजले भाऊसाहेब रजिस्टरात शेवटची ओळ लिहून पेनाला टोपण लावत होते. माझे केस ओले होते, शर्ट पाठीला चिकटला होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. समोर सतरंजीवर शंभरेक माणसं बसली होती. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडं. अकरा वाजून एकतीस मिनिटं.

“सभा तहकूब झाली,” भाऊसाहेब म्हणाले.

बिरू कोकरे ताडकन उठला. “एकच तर मिनिट झालंय! आणि शाळंचं घड्याळ पुढं असतंय, भाऊसाहेब. माझ्या मोबाइलात बघा, अजून साडेअकरा व्हायचेत.”

“भिंतीवरचं घड्याळ सरकारी. तुझ्या मोबाइलातलं खाजगी.”

“आवो, पण माणूस आलाय न्हवं का समोर! घ्या की सही!”

“शाईनं लिहिलंय, बिरू. पेन्सिलीनं लिहिलं असतं तर गोष्ट वेगळी होती.”

मधल्या खुर्चीत सरपंच शालनताई होत्या आणि शेजारच्या खुर्चीत त्यांचे यजमान हणमंतबापू. बापूंना ग्रामपंचायतीत कुठलंही पद नव्हतं, त्यामुळं त्यांना कुठल्याही विषयावर बोलायला अडचण नव्हती. ते म्हणाले, “जाऊ द्या. बावीस तारखेला बसू निवांत.” शालनताईंनी मान हलवली आणि पंधरा ऑगस्टची ग्रामसभा संपली.

आमच्या मोरदऱ्यात पहिली ग्रामसभा ही दुसऱ्या ग्रामसभेची तारीख ठरवण्यासाठी भरते. नियम असा की सभेला शंभर मतदारांच्या सह्या पाहिजेत. अर्धा तास वाट बघायची, भरल्या नाहीत तर सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला सह्यांची अट नाही. पाच जण असले तरी चालतात. हे कळल्यापासून गावातली शहाणी माणसं पहिल्या दिवशी समोरच्या हॉटेलात बसून तहकुबीची वाट बघतात. यात कुणाचा दुष्टावा नसतो. लग्नात अक्षता पडेपर्यंत लोक मांडवाबाहेर गप्पा मारत उभे राहतात, तसंच हे.

त्या वर्षी मात्र पल्याडवाडीला हे परवडणारं नव्हतं. जिल्ह्याकडून वित्त आयोगातनं एका कामाचा निधी येणार होता आणि काम कुठलं ते ग्रामसभेनं ठरवायचं होतं. दोन नावं होती. एक, ओढ्यावर साकव, म्हणजे माणसं आणि जनावरं जातील एवढा छोटा पूल. दुसरं, गावाच्या तोंडाशी स्वागत कमान. गावात कोण येतंय ज्याचं स्वागत करायचं, हा प्रश्न मी बापूंना एकदा विचारला होता. “कमान झाल्यावर येतील,” ते म्हणाले.

पल्याडवाडी ओढ्याच्या पलीकडं. एकोणीस घरं, सगळी धनगरांची. जून ते ऑक्टोबर ओढ्याला पाणी चढलं की वाडी जगातून वजा होते. बिरू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. पण पावसाळ्यात शाळेला येता यायचं नाही, म्हणून तीनदा नापास होऊन चौथीत माझ्या बाकावर आला. आमच्या मैत्रीचं श्रेय त्या ओढ्यालाच आहे.

आणि त्या वर्षी बिरूचं लग्न साकवावर अडलं होतं. काऊदऱ्याच्या धोंडीमामा झोऱ्यांची सुरेखा त्याला पसंत होती, तिला तो पसंत होता, कुळं जुळत होती. धोंडीमामा एवढंच म्हणाले, “पावणं, माझ्या पोरीला पोहता येत न्हाई.” त्यांची थोरली बहीण पल्याडवाडीसारख्याच एका वाडीत दिलेली. श्रावणात तिला ताप आला आणि पाणी उतरेपर्यंत चार दिवस सगळे तिच्या उशाशी बसून राहिले. पाचव्या दिवशी पाणी उतरलं. तोवर दवाखान्याची गरज उरली नव्हती. “साकवाचा ठराव झाला की सुपारी फोडू,” मामा म्हणाले. “साकव बांधायची वाट बघत न्हाई मी. ठराव बास. न्हाईतर मला दुसरीकडनं मागणं हाय.”

म्हणून बिरूनं पंधरा दिवस वाडीतलं घर अन् घर पालथं घातलं आणि पंधरा ऑगस्टला, पावसानं उघडीप दिलेली बघून, चौऱ्याऐंशी मतदार हाताला हात धरून गुडघाभर पाण्यातनं अलीकडं आणले. सिदूतात्या नव्वदीचे, त्यांना घोंगडीच्या झोळीतनं आणलं. एका बाळंतिणीनं कानाला फडकं बांधून येऊन सही केली आणि लगेच माघारी गेली. गावातले सरपंच, सदस्य, शिपाई, अंगणवाडीच्या बाई असे पंधरा. एकूण नव्व्याण्णव.

आणि धोंडीमामा. ठराव डोळ्यांनी बघायचा म्हणून ते काऊदऱ्याहून आले होते आणि दाराजवळ चपलांपाशी बसले होते. सह्या नव्व्याण्णव भरल्यावर तेच म्हणे पुढं आले होते.

“मी करतो की सही.”

“तुम्ही इथले मतदार नाही, मामा,” भाऊसाहेब म्हणाले.

“मतदार नसलो तरी व्याही होनार हाय.”

“व्याह्यांचा रकाना नाही.”

हे मी आत येण्याआधी घडलं. मी आलो तेव्हा मामा पुन्हा चपलांपाशी जाऊन बसले होते.

सभा मोडली. माणसं उठायला लागली. बिरू माझ्याकडं आला. मला वाटलं, आता कानफटात बसणार. आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं, “सकाळी माझ्या मामाला फाट्यावर एसटीत बसवतो आणि सभेला पोचतो. माझी सही धरूनच चल.” फाटा तीन किलोमीटरवर. बिरूनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझं तोंड पुसलं. मग मान पुसली. मग केस.

“किती पळालास रे,” तो म्हणाला. “एष्टी उशिरा आली व्हय?”

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते त्यानं त्याच्या चांगुलपणानं ठरवलं.

“मरू दे. फुप्फुस फुटलं असतं म्हंजे?”

“बिरू, मी...”

“गप. आधी दम खा.” तो मागं वळून ओरडला, “आये, पाणी आण गं, दिग्यासाठी.”

त्याच्या आईनं तांब्या आणला. मला तहान नव्हती. मी सगळं पाणी प्यालो. झोळीत बसलेले सिदूतात्या आजूबाजूच्यांना सांगत होते, “त्ये पोरगं तरी पळत आलं. गावातलं दुसरं कोन आलं का? हाटेलात बसून भजी खात व्हती समदी.”

धोंडीमामा चपला घालत म्हणाले, “बावीसला हाय न्हवं पुन्यांदा? बावीसपतोर थांबतो मी. पुढं थांबनार न्हाई.”

“बावीसला हुतंयच, मामा,” बिरू म्हणाला. “त्या दिवशी तर सह्या बी लागत न्हाईत. नुसते हात वर करायचे. आमचे चौऱ्याऐंशी हात हायेत.”

दुसऱ्या दिवशी वाडीवरनं माझ्या घरी डबाभर खरवस आला. बिरूच्या आईनं पाठवलेला, पळून पळून पोराच्या अंगातलं पाणी गेलं असेल म्हणून. मी तो खाल्ला. छान झाला होता, वेलदोडा घातलेला. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त लाज कशाची वाटते असं कुणी विचारलं, तर मोठ्या गोष्टी आधी आठवत नाहीत. तो खरवस आठवतो, आणि मी डबा बोटानं पुसून खाल्ला होता हे.

एकोणीस तारखेला पाऊस लागला. वीसला थांबला नाही. एकवीसला ओढ्यानं काठावरची करंजाची दोन झाडं नेली.

बावीसला सकाळी अकरा वाजता शाळेच्या व्हरांड्यात आम्ही पंधरा जण होतो. पल्याडवाडीतलं कुणीच नव्हतं. अलीकडं यायला साकव नव्हता म्हणून साकव मागायला कुणी येऊ शकलं नव्हतं. ही गोष्ट मी भाऊसाहेबांच्या लक्षात आणून दिली.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण गैरहजेरीचं कारण लिहायला रकाना नाही.”

“मग सभा पुढं ढकला.”

“तहकूब सभा तहकूब करता येत नाही, दिगंबर.”

मी उठून उभा राहिलो. मी उभा राहिल्याबरोबर दोघंतिघं हसली. याला कारण होतं. गणपतीत नकला करणारा मी, लग्नाच्या पंगतीत पुढाऱ्याच्या आवाजात जिलबी वाढणारा मी, देवळाच्या भोंग्यावरनं ‘हरवलेली म्हैस बिनविरोध निवडून आली आहे’ असं जाहीर करणारा मी. चोवीस वर्षांच्या आयुष्यात मी त्या गावात उभा राहिलो होतो तो फक्त हसवायला.

“वाडीला साकव पाहिजे,” मी म्हणालो.

“आज कुणाची नक्कल रं, दिग्या?” बापूंनी विचारलं.

“कुणाची नाही. मी खरं बोलतोय.”

इथं सगळे हसले. शालनताईंनी पदर तोंडाला लावला.

“चार महिने ती माणसं अडकून पडतात. दूध नासतं. पोरं नापास होतात. आत्ता या क्षणाला चौऱ्याऐंशी माणसं ओढ्याच्या काठावर उभी आहेत आणि आपण इथं त्यांचं ठरवतोय.”

“आवाज आमदारांचा वाटतोय,” अंगणवाडीच्या बाई हळूच म्हणाल्या.

“नाही, नाही, सभापतींचा,” शिपाई म्हणाला. “हात बघा की, हात.”

मी हात खाली घेतले. हात खाली घेतल्यावर ते आणखी हसले. माझ्या कपाळावर घाम आला होता, खरा घाम, आणि तो पुसायचं मला धाडस होत नव्हतं. पुसला असता तरी टाळ्या पडल्या असत्या.

“बिरूचं लग्न अडलंय,” मी म्हणालो. “ठराव झाला नाही तर मुलगी दुसरीकडं देणार आहेत. आज.”

मग तर छप्पर उडायचं बाकी राहिलं. बापूंच्या डोळ्यांतनं पाणी आलं. “लेका, वित्त आयोगाच्या पैशानं लगीन!” ते मांडीवर थाप मारत म्हणाले. “अरं, काळजी करू नगंस. वरात काढू की कमानीखालनं!”

बापू वाईट माणूस नव्हते. पुढं बिरूच्या आईला साप चावला, तेव्हा त्यांनीच जीप काढली. त्या दिवशी त्यांना खरोखरच वाटलं की मी त्यांची करमणूक करतोय, आणि ते मन लावून करमणूक करून घेत होते.

“कमानीच्या बाजूचे हात वर करा,” भाऊसाहेब म्हणाले. शालनताई अध्यक्ष म्हणून बाजूला राहिल्या. तेरा हात. “विरोधात?” मी एकटा.

भाऊसाहेबांनी चष्म्यावरनं माझ्याकडं बघितलं. “दिगंबर, हा हात गमतीचा की खरा?”

“खरा.”

“लिहू?”

“लिहा.”

त्यांनी लिहिलं नाही. कारण ठरावाचा कागद छापील होता आणि त्यावर ‘सर्वानुमते मंजूर’ हे शब्द आधीच होते. एका हातासाठी छापील कागद खराब करणं त्यांच्या जिवावर आलं.

मी छत्री न घेता ओढ्याकडं निघालो. या गोष्टीला आठ वर्षं झाली. कमान झाली, ती जरा बुटकी झाल्यामुळं पुढं गावापर्यंत सुरू झालेली एसटी तिच्याखालनं जात नाही, बाहेरच थांबते आणि माणसं स्वागताखालनं चालत येतात. साकव पाच वर्षांनी झाला. तोवर वाडीत सात घरं राहिली होती. बिरू तेव्हा चिपळूणला एका हॉटेलात भट्टीवर होता. सुरेखा त्याच नोव्हेंबरात डांबरी रस्त्यावरच्या एका गावात दिली. बिरूनं पुढं लग्न केलं नाही. हे सगळं माझ्यामुळं झालं असं कुणी म्हणत नाही, कारण एक गोष्ट कुणालाच ठाऊक नाही.

पंधरा ऑगस्टला मी पळत आलो नव्हतो.

माझ्या मामाची एसटी साडेनऊलाच आली. साडेदहाला मी शाळेच्या मागं होतो, तिसरीच्या वर्गाच्या खिडकीखाली, पाण्याच्या टाकीला टेकून. आतलं सगळं ऐकू येत होतं. ब्याण्णव झाल्या तेव्हा मी आत जायला उठलोही होतो. पंचाण्णव झाल्यावर मला वाटलं, बघू तरी कितीवर अडतंय. आणि सव्वाअकराला भाऊसाहेब म्हणाले, “नव्व्याण्णव.” आत अशी शांतता पसरली, की एवढी चांगली शांतता मला आयुष्यात कधी आयती मिळाली नव्हती. धोंडीमामांचं आणि भाऊसाहेबांचं व्याह्याच्या रकान्याचं बोलणं मी त्या खिडकीखाली बसून, तोंडावर हात दाबून ऐकलं. बिरू आत म्हणत होता, “थांबा, आमचा दिग्या येतोय. तो येनारच.” तो जितका म्हणत होता तितकी माझी गंमत वर चढत होती. आत्ता गेलो तर नुसती एक सही. अकरा एकोणतीसला गेलो तर गाव दहा वर्षं सांगत बसेल. मी टाकीतलं पाणी डोक्यावर घेतलं, शर्टावर मारलं, जागच्या जागी उड्या मारून दम लावून घेतला. मोबाइलात बघितलं. अकरा सत्तावीस. अजून दोन मिनिटं.

तेवढ्यात आत रजिस्टर मिटल्याचा आवाज आला.

पोरांनी वेळेवर यावं म्हणून शाळेचं घड्याळ चार मिनिटं पुढं असतं. मी त्या शाळेत चार वर्षं काढली. घड्याळावर ढकलता येईल. मी आठ वर्षं ढकलून बघितलं. मी शंभरावा आहे हे बाहेरनं पळत येणाऱ्या मला कसं कळलं, हे त्या दिवशी कुणीसुद्धा विचारलं नाही. नव्व्याण्णव माणसांपैकी एकाच्याही मनात आलं नाही.

ओढ्यावर पोचलो तेव्हा पलीकडच्या काठावर अख्खी वाडी उभी होती. घोंगड्यांच्या खोळी, डोक्यावर खताच्या पिशव्या, एका छत्रीखाली तीन तीन पोरं. सकाळपासून पाणी उतरायची वाट बघत होते. सगळ्यांच्या पुढं बिरू, आणि त्याच्या शेजारी धोंडीमामा. ते आदल्या दिवशीच काऊदऱ्याहून डोंगरातल्या वरच्या वाटेनं, ओढा न ओलांडता, वाडीवर येऊन थांबले होते. आमच्या मधे चाळीस फूट पाणी होतं आणि त्याचा आवाज असा, की स्वतःचं बोलणं स्वतःला ऐकू येत नव्हतं.

बिरूनं मला बघून दोन्ही हात वर केले आणि पंजे फिरवले. काय झालं?

मला ठराव सांगायचा होता. त्याऐवजी मी दुसरंच ओरडायला लागलो. “बिरू, मी पळत आलो नव्हतो! मी मागंच होतो! खिडकीखाली बसलो होतो! पाणी मारून घेतलं होतं रे मी, टाकीतलं!” मी ओरडत होतो, खिडकी दाखवत होतो, डोक्यावर पाणी ओतून दाखवत होतो, उड्या मारून दाखवत होतो. काहीच ऐकू जात नाही हे मला समजत होतं. ऐकू जात नव्हतं म्हणूनच बहुधा मी सगळं सांगू शकलो, नावासकट, वेळेसकट.

पलीकडं एक पोरगं हसलं. मग त्याची आई. मग सगळा काठ हसायला लागला. दिग्या चिखलात उभा राहून काहीतरी नक्कल करतोय, म्हणजे बातमी चांगलीच असणार. सिदूतात्यांना कुणीतरी उचलून दाखवत होतं. बिरू कंबरेवर हात ठेवून, मान मागं टाकून हसत होता. त्यानं धोंडीमामांना कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं, धोंडीमामाही हसले.

मी थांबलो. दोन्ही हात डोक्यावर नेले आणि मनगटांची फुली केली.

ते अजूनच हसले. मी फुली तशीच धरून उभा राहिलो. हलवली नाही, तोंड हलवलं नाही, काही केलं नाही. पाऊस कोपरांवरनं बगलेत उतरत होता. बराच वेळ गेला. मग हसणं काठाच्या एका टोकाकडनं कमी व्हायला लागलं. बायका थांबल्या, पोरं थांबली. धोंडीमामांनी घोंगडीची खोळ पुढं ओढली आणि ते वरच्या वाटेला लागले.

बिरू सगळ्यांत शेवटी थांबला.